हायस्कूलनंतर एवढी दरी का? तिळगुळाच्या कार्यक्रमात ऐकलेल्या वाक्याला उत्तर सुचलं नाही

मैथिली_हंट्सव्हिल:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

आम्ही दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एडिसनहून अलाबामात हंट्सव्हिलला आलो. नवरा रॉकेटवाल्यांच्या कामात, त्यामुळे आजूबाजूला सगळे इंजिनियर नाहीतर पीएचडी, आणि मी समजून बसले होते की अलाबामाबद्दल लोक उगाच काहीतरी बोलतात. मुलगी आता बारावीत आहे. तिच्या बँडमधली एक ब्लॅक मैत्रीण आहे, क्लॅरिनेट वाजवते, आमच्याकडे इतकी येते की वरणभातावर तूप हवं का हे आता तिला कोणी विचारतही नाही, वाढतोच. गेल्या शनिवारी मंडळाच्या तिळगुळाला ती पण आमच्याबरोबर आली होती. तिथे एक काका, हातात सुरळीच्या वडीची प्लेट, चांगले मोठ्याने म्हणाले, "यांच्यात शिकायची आवडच नसते हो, सरकार फुकट द्यायला बसलंय तरी बारावीच्या पुढे जात नाहीत." पोरगी चार फुटांवर तिळाची वडी खात उभी. मराठी कळत नाही म्हणून वाचलो. मी काही बोलले नाही आणि घरी येऊन स्वतःचाच राग आला, कारण मला खरंच उत्तर येत नव्हतं.

रात्री बसून सेन्ससचे आकडे काढले. २०२१ मधे २५ च्या वरच्या वयाच्या लोकांत बॅचलर्स किंवा त्याच्या पुढे शिकलेले ३७.९ टक्के. त्यात एशियन ६१, गोरे ४१.९, ब्लॅक २८.१, हिस्पॅनिक २०.६. म्हणजे फरक आहेच, काका तेवढ्यापुरते खरं बोलले. पण मग राज्यं बघितली तर मॅसॅच्युसेट्स ४५ च्या पुढे आणि मिसिसिपी, वेस्ट व्हर्जिनिया कसेबसे २५ च्या आसपास. आमचं अलाबामा त्यांच्या थोडंसंच वर. म्हणजे हा प्रश्न रंगाचा आहे, जागेचा आहे का पैशाचा?

अजून एक. या मैत्रिणीला इथल्या दोन्ही सरकारी युनिव्हर्सिटीत ऍडमिशन आलीये, अलाबामा ए अँड एम आणि यूएएच (युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा इन हंट्सव्हिल). गाडीने पंधरा मिनिटांचं अंतर. एवढ्याशा गावात दोन-दोन सरकारी विद्यापीठं कशाला? मंडळातल्या बायका म्हणतात ए अँड एम "त्यांची" आहे. त्यांची म्हणजे काय?

अकोला_ते_ऑबर्न:

मैथिलीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं निम्मं उत्तर आहे. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ऍग्री करून इथे अलाबामातच ऑबर्न युनिव्हर्सिटीला आलो, त्यामुळे हा विषय मला जवळून माहीत आहे.

१८६२ मधे मॉरिल कायदा आला. केंद्र सरकारने राज्यांना जमीन दिली (ती आदिवासी जमातींकडून घेतलेली, हे कोणी सांगत नाही), ती विकून शेती आणि इंजिनियरिंगची कॉलेजं काढा म्हणून. त्यांना लँड-ग्रँट म्हणतात. ऑबर्न त्यातलंच. आपलं राहुरी (१९६८) आणि अकोला (१९६९) पण याच नमुन्यावर उभं राहिलं, शिक्षण-संशोधन-विस्तार हे त्रिकूट तिथूनच आलंय. पण दक्षिणेत या कॉलेजांत ब्लॅक मुलांना प्रवेशच नव्हता. मग १८९० मधे दुसरा कायदा आला की एकतर प्रवेशात रंग बघू नका, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज दाखवा. दक्षिणेतल्या राज्यांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको. अलाबामा ए अँड एम हे त्या वेगळ्यांपैकी. सुरू मात्र आधीच झालेलं, १८७५ मधे, विल्यम हूपर कौन्सिल नावाच्या माणसाने काढलं, जो स्वतः गुलाम म्हणून जन्मला होता.

आता मेख. केंद्राकडून पैसा आला की राज्याने आपला वाटा घालायचा असतो. गोऱ्यांच्या कॉलेजला राज्यं तो नीट घालत आली, या कॉलेजांना नाही. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्राच्या शिक्षण आणि कृषी खात्याच्या मंत्र्यांनी १६ गव्हर्नरांना पत्रं पाठवली, हिशोब असा की मागच्या तीसेक वर्षांत मिळून १२ अब्ज डॉलरच्या वर कमी दिलेत. १८९० ची कॉलेजं आहेतच मुळी १८ राज्यांत, त्यातली १६. आणि हा १८९० चा हिशोब नाहीये ताई, माझ्या-तुमच्या हयातीतला आहे.

आता यूएएच. १९५० मधे रॉकेटवाला व्हॉन ब्राउन आणि त्याची जर्मन मंडळी हंट्सव्हिलला आली. त्यांना माणसं शिकवायला चांगली संस्था हवी होती, १९६१ मधे व्हॉन ब्राउन स्वतः विधिमंडळापुढे जाऊन रिसर्च इन्स्टिट्यूटसाठी पैसे मागून आला आणि मिळाले. त्याच गावात ए अँड एम ८६ वर्षं उभं होतं. डेव्ह मॅकग्लाथरी नावाचा नासात काम करणारा ब्लॅक गणिती, ए अँड एमचाच विद्यार्थी, त्याला पुढचं गणित शिकायला अलाबामा युनिव्हर्सिटीच्या हंट्सव्हिलमधल्या सेंटरमधे (तेच पुढे यूएएच झालं) जायचं होतं आणि ते शक्य झालं १३ जून १९६३ ला, गव्हर्नर वॉलेस ब्लॅक मुलांना अडवायला टस्कलूसाला अलाबामा युनिव्हर्सिटीच्या दारात आडवा उभा राहिला त्याच्या बरोबर दोन दिवसांनी. विचार करा, माणूस रॉकेटची गणितं करतोय पण गावातल्या वर्गात बसायला त्याला कोर्ट लागतं.

म्हणून "त्यांची" वगैरे नाही. दुसरीकडे घेत नव्हते, म्हणून ती झाली.

डॅलसचा_बाप:

इतिहास सगळा मान्य. पण किती दिवस तोच? शाळा सगळ्यांना उघड्या होऊन साठ वर्षं झाली. आपण इथे दोन सुटकेस घेऊन आलो, ना ओळख ना पाळख, मोटेलच्या गादीवर झोपलो, तरी मुलं शिकलीच ना. शिस्त लागते, घरात आठ वाजता टीव्ही बंद लागतो.

आणि नुकसान कोणाचं होतंय तेही बघा. माझ्या पोराची एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १५४०, शाळेत रँक बारा टक्क्यात, कारण आमच्या शाळेत सगळी अशीच मुलं भरलीयेत. ऑस्टिनच्या सरकारी युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स नाही मिळालं. टेक्सासात नियम आहे, शाळेत वरच्या अमुक टक्क्यात आलात की सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश. ऑस्टिनला ते ६ टक्के होतं, २०२६ च्या प्रवेशापासून ५. कुठल्यातरी खेड्यातला साधी एपी कॅल्क्युलस (शाळेतच कॉलेजच्या पातळीचं गणित) नसलेल्या शाळेतला पोरगा आत आणि आमचा बाहेर. २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमधे प्रवेश देताना रेस (वंश) बघायची नाही म्हणून सांगितलं ते बरंच झालं.

अटलांटाचे_आजोबा:

डॅलसकर, तुमच्या मुलाला वाईट वाटलं असेल, समजू शकतो, माझ्या नातवाचंही झालं तसं. पण दोन गोष्टींत गल्लत होतेय.

टेक्सासचा तो नियम रेस बघतच नाही. उलट १९९६ मधे तिथल्या कोर्टाने रेस बघायला मनाई केली म्हणून १९९७ ला तो आणला. आणि तुम्हाला ज्याचा राग येतोय तो खेड्यातला पोरगा गोरा पण असू शकतो. त्याच्या शाळेत एपी कॅल्क्युलस नाही हे तुम्हीच लिहिलंत, मग तो वर्ग नसताना पहिला आला यात त्याची काय चूक?

दुसरं, सुटकेस. मी १९७८ ला आलो. सुटकेस दोनच होत्या, खिशात मोजके डॉलर, ही गोष्ट मी पण पोरांना पन्नास वेळा ऐकवलीये. पण सुटकेसमधे काय होतं? पुण्याच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजची डिग्री, जिची फी माझ्या वडिलांनी वर्षाला काहीशे रुपये भरली, बाकीचा खर्च भारतातल्या करदात्याने केला. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने दार उघडलं ते शिकलेल्यांसाठी. आपण चाळणीतून पडून खाली आलेलं पीठ आहोत हो, आणि आपण म्हणतोय की बघा आमचा गहू किती बारीक. कोंडा राहिला तिकडे सातारा-सांगलीत, माझे दोन चुलतभाऊ दहावी नापास आहेत, त्यांना कोणी व्हिसा दिला नाही.

हे खोटं वाटत असेल तर आमच्याकडे क्लार्कस्टनला या. अटलांटाच्या कडेला निर्वासितांचं गाव आहे, तिथे नेपाळी बोलणारे भूतानी खूप आहेत. देवळात जातात, दिवाळी करतात, डाळभात खातात, मुलांना मारून मुटकून अभ्यासाला बसवतात. सेन्ससच्या खात्यात ते पण "एशियन". इथल्या भारतीय प्रौढांत चारातले तीन ग्रॅज्युएट, भूतान्यांत पाचातला एक पण नाही. लाओसवाल्यांचं तेच. ते चाळणीतून नाही आले, कॅम्पातून आले. संस्कृतीने डिग्र्या मिळत असत्या तर त्यांना पण मिळाल्या असत्या.

आणि पैसा. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर, ब्लॅक कुटुंबाची ४५ हजाराच्या आत. पगार नव्हे, मालमत्ता. मुलाचं एक सेमिस्टर बिघडलं तर घर कुठून सावरणार तो हा आकडा.

जाता जाता आमच्या जॉर्जियाची गंमत. इथे १९९३ पासून होप स्कॉलरशिप आहे, बी ऍव्हरेज असलं की ट्युशनचा मोठा भाग सुटतो. माझ्या दोन्ही मुलींनी घेतली. पैसा येतो लॉटरीतून. मी जन्मात तिकीट घेतलेलं नाही. ते गॅस स्टेशनवर शुक्रवारी संध्याकाळी रांगेत कोण घेतं ते एकदा उभं राहून बघा, आणि मग कोण कोणाला फुकट देतंय ते त्या सुरळीच्या वडीवाल्या काकांना विचारा.

कॉलेज_डेस्कवाली:

मी अलाबामातच एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं, स्वस्त, सरकारी) ऍडव्हायजर आहे, कुठलं ते सांगत नाही. काकांच्या वाक्यात मला सगळ्यात खटकलं ते "पुढे जात नाहीत". जातात हो. पूर्ण होत नाही. देशात ४ कोटीच्या आसपास लोक असे आहेत की कॉलेजला गेले, क्रेडिट जमवले आणि हातात काही न घेता बाहेर पडले. कम्युनिटी कॉलेजला येणाऱ्यांपैकी पाचातले चार म्हणतात मला पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जायचंय. जातात साधारण तिसरा हिस्सा, आणि सहा वर्षांत बॅचलर्स होते ती सहातल्या एकाची.

माझ्यासमोर बसलेली एक मुलगी सांगते. नर्सिंगच्या आधीचे विषय करत होती, ४१ क्रेडिट झालेले, ए आणि बी. गाडीचा ट्रान्समिशन गेला. इथे बस नाही. रोज पस्तीस मैल. दोन आठवडे बुडाले, मग तिने सेमिस्टर सोडलं, म्हणाली पुढच्या वेळी करते. आता नियम असा आहे की पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना केंद्राची मदत) घेऊन मधेच सोडलं तर त्यातला काही भाग कॉलेजला केंद्राला परत करावा लागतो, आणि कॉलेज तो मुलीच्या नावावर बाकी लावतं. तिच्यावर ३८६ डॉलर बाकी आले. बाकी असली की अकाउंटवर होल्ड, होल्ड असला की पुढचं रजिस्ट्रेशन होत नाही. तिने माझ्याकडे फोन फिरवून बँकेचं ऍप दाखवलं, ११ डॉलर काहीतरी होते. मी ऑफिसात सगळीकडे फिरले, एक फंड होता तो त्या महिन्याचा संपलेला. दीड वर्षाने मला ती वॉलमार्टच्या सेल्फ-चेकआउटला दिसली, कामाचा निळा जॅकेट घालून. "मिस, मी येणारे परत" म्हणाली. मैथिली, तुझ्या काकांनी तिला बघितलं असतं तर शिकायची आवड नाही म्हणाले असते.

तुमच्या-माझ्या घरात ३८६ डॉलर म्हणजे कॉस्टकोची एक फेरी.

डिग्री पुरी झाली तरी संपत नाही. ब्रुकिंग्ज या अभ्याससंस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात होतं की ग्रॅज्युएट झाल्यावर चार वर्षांनी ब्लॅक विद्यार्थ्यांवरचं कर्ज गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट असतं, ५३ हजार विरुद्ध २८ हजार डॉलर. घरून कोणी हप्ता भरत नाही, व्याज चढतं, पुढे शिकायला अजून कर्ज.

आणि एक विरोधाभास. ज्या वॉलेसने १९६३ ला दार अडवलं त्यानेच त्याच वर्षी राज्यभर ज्युनियर कॉलेजं आणि ट्रेड स्कूलं काढायचा धडाका लावला. सेल्माच्या कम्युनिटी कॉलेजला आजही त्याचंच नाव आहे. तिथे बहुसंख्य मुलं ब्लॅक आहेत, डिग्रीच्या कागदावर वॉलेस.

अकोला_ते_ऑबर्न:

सेल्माचा विषय निघाला म्हणून. मी प्रोजेक्टसाठी तिकडे ब्लॅक बेल्टमधे (दक्षिणेतला कापसाचा जुना पट्टा) खूप फिरलोय. लोकांना वाटतं माणसांवरून नाव पडलं, खरं म्हणजे मातीवरून पडलं. काळी, चिकट, पावसात बुटाला दोन-दोन किलो लागणारी. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला आमचं बाळापूरचं शेतच आठवलं. कापसाची माती. म्हणूनच तिथे गुलाम सगळ्यात जास्त आणले गेले आणि म्हणूनच आजही तिथे ब्लॅक वस्ती जास्त. म्हणजे मैथिलीताई, तुम्ही विचारलंत रंग की जागा, तर तिथे दोन्ही एकाच मातीतून आलंय.

आता कापूस फारसा नाही, पाइनची जंगलं आहेत, बरीचशी बाहेरच्या मालकांची. आणि १९०१ च्या राज्यघटनेपासून जमिनीवरचा कर इतका दाबून ठेवलाय की काउंटीच्या शाळेला पैसा येणार कुठून. मैलोनमैल जंगल, कर नाममात्र, आणि शाळेत केमिस्ट्रीला मास्तर नाही. कॉलेजं होती ती पण चाललीत, सेल्मातलं कॉनकॉर्डिया २०१८ ला बंद, शेजारच्या मेरियनमधलं जडसन २०२१ ला. गंमत म्हणजे आजची अलाबामा स्टेट युनिव्हर्सिटी १८६७ ला याच मेरियनमधे सुरू झाली होती, १८८७ ला माँटगोमेरीला हलवली. नाहीतर मेरियन आज युनिव्हर्सिटीचं गाव असतं.

मॉर्गनटाउनची_वैशाली:

सगळं ब्लॅक-गोरं चाललंय म्हणून मधे तोंड घालते. आमचं वेस्ट व्हर्जिनिया नव्वद टक्क्यांच्या वर गोरं आहे आणि डिग्रीत देशात तळाला. इथे पण लोक "हिलबिली, आळशी" म्हणतातच की. इथे बारावी झाली की खाणीत जायचं, बापाच्या शेजारी, आणि पगार कॉलेजवाल्यापेक्षा चांगला मिळायचा, मग कोण जाईल शिकायला, मी पण नसते गेले. आता खाणी आटल्या पण ती सवय घरात राहिली, आणि कॉलेज म्हणजे कर्ज ही भीती वर. २०२३ मधे इथल्या विद्यापीठाने तर २८ मेजर बंद केली, परदेशी भाषा जवळपास सगळ्या.

आणि जे शिकतात ते थांबतात कुठे. माझ्या शेजाऱ्यांची तीन मुलं, तिघं ग्रॅज्युएट, एक पिट्सबर्ग, एक शार्लट, एक डीसी. राज्याच्या टक्केवारीत त्यातलं एक पण नाही. तळाला भोक पडलेला रांजण आहे, वरून ओतता तेवढं मॅसॅच्युसेट्सच्या हंड्यात. तुमच्या हंट्सव्हिलचं उलटं, बाहेरून शिकलेले येऊन बसलेत म्हणून तिथला आकडा छान. त्यात हंट्सव्हिलच्या शाळांचं श्रेय किती ते बघायला हवं.

डॅलसचा_बाप:

भूतानवाल्यांचं खरंच माहीत नव्हतं. सुटकेसचं पण ठीक आहे आजोबा, मुद्दा पोचला. ऑस्टिनचं दुःख मात्र राहणारच, त्यावर वाद नको. पोरगा आता यूटी डॅलसला जाणारे, घरून, बायको खूश आहे.

मैथिली_हंट्सव्हिल:

सगळ्यांचे आभार. डेस्कवाली, तुझी ती मुलगी डोक्यातून जात नाहीये.

काकांना फोन केला होता. चाळणीचं सांगितलं, तर म्हणाले "ते ठीक आहे पण". पुढचं मी ऐकलं नाही, दूध उतू जात होतं खरोखरच.

मैत्रिणीचं अजून ठरत नाहीये. तिच्या आजीने ए अँड एममधून केलंय, आजीचा हट्ट तिकडे, बँडची मार्चिंग तिकडे, आणि स्कॉलरशिप पण तिकडची थोडी जास्त. यूएएचला एअरोस्पेस आहे. मुलगी म्हणते तिला तिचं ठरवू दे. पण फाफ्सा (कॉलेजसाठी सरकारी मदतीचा अर्ज) अजून भरलेला नाही, आई कार प्लांटमधे सेकंड शिफ्टला असते, रविवारी दोघी आमच्याकडे येऊन भरणारेत. आईबाबा वेगळे राहतात. यात कोणाचे कागद लागतात? मुलगी राहते आईकडे, पण टॅक्समधे नाव वडील लावतात म्हणे.

कॉलेज_डेस्कवाली:

टॅक्समधे कोण दाखवतं त्याच्याशी संबंध नाही. आता नियम असा की मागच्या बारा महिन्यांत ज्याने तिचा खर्च जास्त उचलला तो पालक, राहते कुणाकडे हे पण नाही बघत. तो आईच असणार असं दिसतंय. आईला आधीच फाफ्सासाठी स्वतःचा वेगळा आयडी काढून ठेवायला सांग, रविवारी बसल्यावर नको, कधीकधी तो खरा ठरायला दोन-तीन दिवस जातात. ईमेल आईचाच दे, मुलीचा नको, निम्मी प्रकरणं तिथेच अडकतात. अलाबामात २०२२ च्या बॅचपासून हायस्कूल पास व्हायलाच फाफ्सा भरायचा किंवा नको म्हणून लेखी द्यायचं असा नियम आहे, त्यामुळे शाळेची काउन्सेलर पण मागे लागेलच. आणि अडलं तर रविवारी मला इथेच मेसेज टाक, मी चारनंतर घरी आहे.